पेट्रोलचं झाकण

फूफीच्या इंतकालचा फोन सकाळी दहाला आला. नागपूरला, मोमीनपुऱ्यात. दीडची जुहर झाली की जनाजा. दुकान बंद करून, मुलांना शेजारच्या आपांकडे सोडून लाखनीतून निघेपर्यंत सव्वाअकरा झाले. नागपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मर्द निदान कबरस्तानात तरी पोचतात. घरातल्या बाईला शेवटचा चेहरा पाहायचा तर जनाजा घरून उठायच्या आतच जावं लागतं. आमच्यातल्या एकाची ती सख्खी फूफी, आणि दुसरीला सून म्हणून पसंत करणारीही तीच.

गाडीतलं पेट्रोल संपत आलं होतं. कारध्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात पंपावर थांबलो, सीटजवळची लिव्हर ओढली. नेहमीचा 'खट' आवाज आलाच नाही. पुन्हा ओढली. टाकीवरचं पत्र्याचं झाकण तसंच बंद.

खरं तर ते दोन महिन्यांपासून अडत होतं. नख घालून उघडायचो आणि 'रविवारी पाहू' म्हणायचो. त्याच दिवसांत फूफीचाही दोनदा फोन आला होता, "कब आते रे बेटा?" तिलाही आम्ही रविवारच सांगितला होता.

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!" "मग तुला कोणी अडवलं होतं गॅरेजात न्यायला?" भर पंपावर आमचं असं सुरू झालं. शेवटी चावी फटीत घालून झाकण उचकटायला गेलो, तर रंगाचा टवकाच उडाला.

"काकाजी, चावी नका घालू. पत्रा वाकला तर मग उघडतच नाही," पंपावरचा पोरगा म्हणाला. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. एकाने लिव्हर ओढून धरायची, सोडायची नाही. दुसऱ्याने झाकण तळहाताने आत दाबायचं आणि हलकेच सोडायचं. आम्हाला ते उलटंच वाटलं. उघडायचं तर दाबायचं कशाला? पण झाकण पिनवर घट्ट दाबून बसलेलं असतं. आत दाबलं की पिनवरचा भार जातो आणि तारेच्या ओढीने ती मागे सरकते. नाहीच जमलं तर डिकीत त्या बाजूचं अस्तर सरकवून तारेचं टोक हाताने ओढता येतं, म्हणाला, पण सगळ्याच गाड्यांत तिथे हात पोचत नाही.

एक सीटपाशी वाकलेला, दुसरी टाकीपाशी. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा तळहाताने थोडं थोपटलं आणि झाकण बोटभर उघडलं. अल्हम्दुलिल्लाह! पंचवीस मिनिटं गेली होती. पोराला पन्नासची नोट देऊ लागलो तर घेईना. "मयतीला चालले ना? निघा लवकर."

मोमीनपुऱ्यात पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. गुस्ल होऊन कफन झालं होतं. बायकांनी वाट करून दिली, चेहऱ्यावरचं कापड पुन्हा बाजूला केलं. दोघांनीही पाहिलं. दुआ पुटपुटेपर्यंत बाहेरून आवाज आला, "चलो, डोला लाओ."

परत आल्यावर चौथ्या दिवशी झाकण दुरुस्त करायला बसलो. बिजागरीत पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता, त्याखाली गंज. जुन्या टूथब्रशने घासलं, फडक्याने पुसलं, तेलाचे दोन-तीन थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा उघडझाप केली. पिनही पुसून तिला ग्रीसचं बोट लावलं. झाकणाला बाहेर ढकलणारी स्प्रिंगची पट्टी चपटी झाली होती, ती जराशी बाहेर वाकवली. सगळं मिळून अर्धा तास. आता लिव्हर ओढली की खट आवाज येतो.

टवका उडाला होता तिथे गंज धरू नये म्हणून रंग लावला. तो मूळ रंगाशी जुळत नाही. पेट्रोल भरताना दरवेळी दिसतो.