गावात जाऊन येते

ऑफिसात नवा माणूस आला की चहाच्या मशीनपाशी पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं?" मी तालुका सांगतो, माण. समोरचा खूश होतो, "अरे, माझी मावशी तिकडचीच!" मग दुसरा प्रश्न येतो, "गावात कुठं?" तेव्हा मला हमखास मीटिंग आठवते.

लहानपणी पिंपरीहून निघताना बाबा सगळ्यांना सांगायचे, "गावाला चाललोय." तिथं पोचलं की आजी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन म्हणायची, "गावात जाऊन येते." मला कोडं पडायचं. आपण गावातच आहोत की! रेशनकार्डावर, मतदारयादीत आमचं गाव तेच. पण गिरणी, किराणा दुकान, एसटीचा थांबा, सगळं ओढ्यापलीकडं. आजीचं गाव तिथून सुरू व्हायचं.

मराठीत गाव म्हणजे नुसती जागा नाही, माणसंही. गाव जमतं, गाव जेवतं, गाव नावं ठेवतं. गाव जेवून उठलं की मग आमची पंगत बसायची, असं आजी सांगते. त्या वाक्यातल्या गावात आम्ही नव्हतोच. 'गावकुसाबाहेर' हा शब्द मी पुढं पुस्तकात वाचला. अर्थ आधीच माहीत होता.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी, मसुद्यात गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला आहे, याबद्दल समाधान व्यक्त केलं. इंजिनिअरिंगला असताना ते भाषण वाचलं आणि डोळ्यांसमोर ओढा आला.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्याकडंही नवी पाटी लागली. वडापवाला मात्र अजून जुनं नाव पुकारूनच आम्हाला उतरवतो.

मागच्या दिवाळीत दूध आणायला गाडी काढली. आजीनं विचारलं, "कुठं निघालास रं?"

"गावात जाऊन येतो."

ओढ्यावर आता पूल आहे. पुलाच्या मध्यावर आल्यावर मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. शिक्षण झालं, पगार आला, पिंपरीत फ्लॅट झाला. आजीचं वाक्य मात्र एकही शब्द न बदलता माझ्या तोंडात आलं होतं.

सुट्टी संपल्यावर ऑफिसात पुन्हा तोच प्रश्न आला. "गावात कुठं?"

"गावात नाही," मी म्हणालो, "ओढ्याच्या अलीकडं."

त्याला कळलं की नाही, कोण जाणे. चहा संपेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.