थेम्सकांठची ‘नॉटिलस’

न्यू यॉर्कहून बोस्टनकडे जाणारी आगगाडी कनेक्टिकट संस्थानांत न्यू लंडन येथें थांबते. स्टेशन नदीच्या अगदीं कांठावर आहे आणि नदीचें नांव थेम्स! इंग्रज वसाहतवाल्यांनीं मायदेशाच्या आठवणीनें गांवाला व नदीला जुनींच नांवें दिलीं. पैलतीरीं ग्रॉटन हें गांव लागतें. ग्रॉटन म्हणजे अमेरिकेंतील पाणबुड्यांचें माहेरघर. येथील धक्क्याशीं बांधून ठेवलेली ‘नॉटिलस’ पाहावी, याच हेतूनें आम्ही नदी ओलांडली.

पाणबुडीचा या प्रांताशीं संबंध फार जुना. येथून पश्चिमेस असलेल्या सेब्रूकच्या डेव्हिड बुशनेलनें ‘टर्टल’ म्हणजे कासव ह्या नांवाची लांकडी पाणबुडी बांधिली. आंत एकच माणूस मावे. हातानें दांडा फिरवून तो ती चालवी, आणि कोंडलेली हवा त्याला जेमतेम अर्धा तास पुरे. १७७६ च्या सप्टेंबरांत एझ्रा ली तींत बसून न्यू यॉर्क बंदरांतील ‘ईगल’ ह्या इंग्रज युद्धनौकेखालीं गेला, पण सुरुंग अडकवितां न आल्यामुळें परतला, असें सांगतात.

त्या कासवाचा श्वास पुढें पावणेदोनशें वर्षें सर्वच पाणबुड्यांना अडवीत राहिला. डीझेल एंजिनास जळण्यासाठीं हवा हवी; म्हणून पाण्याखालीं बॅटरीवर चालावें, ती उतरली कीं वर येऊन पुन्हां भरावी, आणि नेमकें त्याच वेळीं शत्रूच्या दृष्टीस पडावें. खरें पाहतां त्या पाण्यांत बुडी मारणाऱ्या नौका होत्या, पाण्यांत राहणाऱ्या नव्हत्या.

ही अडचण अणुशक्तीनें दूर केली. अणुभट्टींत युरेनियमचे परमाणु दुभंगून उष्णता निघते. त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते. वाफेनें चक्रें फिरतात. यांत कांहींच जळत नसल्यामुळें हवेची गरज उरत नाहीं. अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनीं ही कल्पना हट्टानें तडीस नेली. २१ जानेवारी १९५४ रोजीं ‘नॉटिलस’ याच नदींत सोडण्यांत आली, आणि १७ जानेवारी १९५५ रोजीं ती प्रथमच अणुशक्तीवर निघाली. ३ ऑगस्ट १९५८ रोजीं कमांडर विल्यम अँडरसन व ११५ सोबती यांना घेऊन ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोंचली. त्या सफरींत ती ९६ तास बर्फाखालीं होती. कोठें अर्धा तास आणि कोठें ९६ तास!

१९८० सालीं ती सेवानिवृत्त झाली व १९८६ पासून सर्वांस पाहावयास खुली आहे. आम्ही जिना उतरून आंत गेलों. टॉर्पेडोंची खोली, अधिकाऱ्यांची बैठक, सुकाणूची जागा, मुदपाकखाना, एकावर एक रचलेल्या निजावयाच्या फळ्या, सारें आटोपशीर आणि अंग चोरून चालावें इतकें अरुंद. जिच्यामुळें हें सर्व घडलें ती अणुभट्टी मात्र पाहतां येत नाहीं. मागचा भाग बंदच असतो. आम्हांस आधीं याची हळहळ वाटली. पण त्या फळ्यांपाशीं उभे असतां ध्यानांत आलें कीं, पाहावयाचें तें हेंच. यंत्राला हवेची मर्यादा उरली नाहीं. उरली ती माणसाची. शिदोरी किती दिवस पुरेल आणि सूर्य न पाहतां मन किती दिवस टिकेल, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला.

ग्रॉटनमध्येंच दुसऱ्या महायुद्धांत न परतलेल्या ५२ अमेरिकन पाणबुड्यांचें स्मारक आहे. त्यांजबरोबर साडेतीन हजारांहून अधिक खलाशी गेले. अणुशक्तीनेंही समुद्राचा हा कर चुकला नाहीं: १० एप्रिल १९६३ रोजीं ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी अटलांटिक महासागरांत १२९ जणांसह बुडाली.

मानवी बुद्धीचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु ही बुद्धि संहाराच्या कामीं राबली, हेंही विसरतां येत नाहीं. ध्रुवाखालचा मार्ग ज्या नौकेनें शोधिला ती युद्धासाठींच बांधिली होती. आज तिच्यांत शाळेचीं मुलें हंसत-खिदळत फिरतात. युद्धनौकेला याहून चांगलें वार्धक्य कोणतें असावें?