अर्ध्या वाक्याची कीर्ती

गावकीच्या वतनांवर मी लिहिलेल्या पुस्तकाची स्तुती ज्या मंडळींकडून होईल असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते, नेमक्या त्यांनीच ती इतक्या मुक्तकंठाने केली की, त्या स्तुतीचा मनस्ताप अद्याप ओसरलेला नाही.

पूर्वपीठिका फारशी नाही. हजार प्रती निघाल्या, दोन परीक्षणे आली आणि गठ्ठे अप्पा बळवंत चौकानजीकच्या गुदामात पडून राहिले. तेव्हा प्रकाशकांनी रीलचा प्रस्ताव मांडला. कोलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची २०१६ सालची ‘इट एंड्स विथ अस’ ही कादंबरी काही वर्षांनंतर टिकटॉकवरील वाचकांच्या चित्रफितींमुळे खपाच्या शिखरावर गेली, हा दाखला त्यांनी दिला. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तरी लगोलग जुलैत इन्स्टाग्रामने रील आणले, तेव्हा मार्ग मोकळाच आहे, असे त्यांचे म्हणणे. चित्रीकरण त्यांच्या भाच्याने केले.

मी वाचलेले वाक्य येथे सबंध देणे प्राप्त आहे : “कुलकर्णी वतने १९५१ साली खालसा झाली, तेव्हापासून गावचा पिढीजात माहितगार गेला, दप्तराची रया गेली आणि रयतेला वाली उरला नाही, असे जे आजवर सांगण्यात येते, त्याला मी तपासलेल्या कागदांत तिळमात्र आधार सापडत नाही.” भाच्याने ‘वाली उरला नाही’ येथे कात्री चालवली. दैवाची थट्टा अशी की, तेथे तोडलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. कोणालाही ते अपुरे वाटू नये! शिवाय पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात म्हणून ती अक्षरे ठळक छापलेली, आणि जे ऐकतील त्यांच्यासाठी मागे सनईचे करुण सूर. वतनदारांच्या वंशजांनी माझ्या धैर्याला दाद दिली. ज्यांच्या पूर्वजांनी त्याच दप्तरापायी जमिनी गमावल्या, त्यांनी मला वतनदारांचा हस्तक ठरवले. आणि ज्याच्यासोबत मी अभिलेखागारात रुमाल सोडत बसलो होतो, त्या स्नेह्याने माझा फोन घेणे बंद केले. पुस्तक उघडून पाहा, अशी मी ज्याला त्याला विनवणी करीत होतो. पण ज्याचे मत तीस सेकंदांत बनले आहे, त्याने तीनशे पृष्ठांची तसदी का घ्यावी?

जाब विचारला तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, “काका, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला. तुमच्या ‘सापडत नाही’पर्यंत कोण टिकणार?” संतापाच्या भरात मी त्याला अर्वाच्य बोललो, तथापि, त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पूर्वपक्ष विस्ताराने मांडून निकाल अखेरीस सुनावण्याचा आमच्या गद्याचा रिवाज ग्रंथात शोभतो, परंतु उभ्या पडद्यावर तो घात करतो. म्हणून माझ्यासारख्या लेखकांस सांगावेसे वाटते की, नकार असेल तर तो प्रथम उच्चारावा, एका चित्रफितीत एकच विधान ठेवावे, खिडकीच्या उजेडात पुस्तक हाती धरून बसावे, आणि अंतिम छाटणी लेखकाच्या संमतीवाचून प्रसिद्ध होणार नाही, हे कलम करारनाम्यात लिहून घ्यावे. सनई लग्नकार्यासाठी राखून ठेवावी.

मात्र त्या गैरसमजाच्या जोरावर गठ्ठे हलले, दुसरी आवृत्ती छापखान्यात गेली, आणि मानधनाचा धनादेश मी, सांगताना संकोच वाटतो, बऱ्याच आनंदाने स्वीकारला. खुलाशाची चित्रफीत तयार आहे. तीत पहिलाच शब्द ‘नाही’ आहे. ही आवृत्ती संपेपर्यंत ती प्रसिद्ध करू नये, असा प्रकाशकांचा आग्रह आहे. मी त्यांना अद्याप होकार दिलेला नाही; परंतु चित्रफीतही अजून त्यांच्याच भाच्यापाशी आहे, आणि तिचा तगादा मी लावलेला नाही.