आधी पत्रा, मग इंजिन

रेसची गाडी बनवायची म्हटलं की गिऱ्हाईक आधी इंजिनाचं विचारतं. मी त्याला खाली वाकून दारांखालची पट्टी ठोकून बघायला सांगतो. मुंबईतल्या गाडीचा निकाल तिथेच लागतो. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, हिंदमाताला तुंबणारं पाणी. बाहेरून रंग चकाचक आणि आतून पत्रा सडलेला, अशा गाड्या आमच्या चिंचपोकळीच्या गाळ्यात नेहमीच येतात.

माझा जीव होंडा सिटी व्हीटेकवर. 2000 साली ती इथे आली, 2003 मध्ये बंद झाली. 1493 सीसी, 106 हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर. दिसायला घरगुती सेडान, पण इंडियन टुरिंग कारच्या शर्यतींत तिने नाव काढलं. इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने बारीक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात. त्या क्षणी आवाज बदलतो, आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

कामाची सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. सीट, डॅशबोर्ड, गालिचा, वायरिंग, सगळं बाहेर. मग फरशीवर चिकटलेले डांबराचे पॅड. कोरडा बर्फ पसरून ठेवला की ते कडक होतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने खापरासारखे फुटून निघतात. खाली कंपनीचा रंग दिसला तर नशीब. गंज दिसला तर स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. तिथे लांबी (पुट्टी) भरून भागत नाही, कारण त्याच जागेवर उद्या पिंजऱ्याचे पाय उभे राहणार असतात.

रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा सांगाडा, हा आमचा पिंजरा. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान एफआयएच्या नियमाप्रमाणे बिनजोड नळीची, 45 मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची. वाकवताना ती चेपली तर टाकून द्यायची. प्रत्येक नळीचं टोक दुसरीच्या गोलाईत चपखल बसेल असं घासायचं. मध्ये फट राहिली की वेल्डिंग वरवरचं होतं. खरी अडचण छताजवळच्या सांध्यांची. पिंजरा छताला इतका भिडलेला असतो की वेल्डिंगची टॉर्च वरच्या बाजूला पोचतच नाही. पायांखाली तीन मिलिमीटरच्या पाट्या येणार असतात, तेवढ्या जागी आम्ही फरशीला भोकं पाडतो, अख्खा पिंजरा त्यातून खाली सोडतो, वरचे सांधे गोल फिरून पुरे करतो, मग पिंजरा उचलून पाट्या बसवतो. याला दिवस लागतात. घाईचं गिऱ्हाईक मी घेत नाही. शिवाय गणपतीत लालबागचे रस्ते बंद, तेव्हा गाडी हलवायचं नावच नको.

एवढा खटाटोप का? पिंजऱ्याने बॉडी ताठ राहते. बॉडी पिळवटत असेल तर शॉकअप कितीही भारी घाला, वळणावर गाडी काय करेल ते सांगता येत नाही. पिंजरा झाल्यावर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतो, सीटवर ड्रायव्हरला बसवतो आणि स्प्रिंगची उंची थोडी थोडी फिरवत कोपऱ्याकोपऱ्याचं वजन जुळवतो. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, कायद्याला ते मान्यही नाही. ती ट्रकवर चढते आणि तेराशे किलोमीटरवर मद्रासच्या ट्रॅकला जाऊन उतरते.

गेल्या महिन्यात गिरगावातून एक मुलगा व्हीटेक घेऊन आला. आजोबांची गाडी, एका हातची, फरशीवर गंजाचा ठिपका नाही. याचीच रेसकार करा म्हणाला. मी नाही म्हटलं. अशा धड गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि एकदा कापलेली बॉडी पूर्ववत होत नाही. ठोकलेली, कागदपत्रांची मुदत संपलेली, पण पत्र्याने चांगली अशी गाडी कुर्ल्याच्या भंगारात मिळू शकते. तो तयार झाला. रेसकारसाठीचं इंजिन आणि गिअरबॉक्स गाळ्यात झाकून ठेवलंय. रविवारी आम्ही दोघं बॉडी बघायला निघतोय, हातोडी घेऊन.