डन्स

इंग्रजीत ‘डन्स’ असा एक जुना शब्द आहे. शिवीच ती, पण अगदी सौम्य. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही, असा मठ्ठ विद्यार्थी म्हणजे डन्स. आपल्याकडील ‘ढ’चा हा सख्खा भाऊच म्हणा ना! ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ‘ढ’ हे अक्षर जवळजवळ जसेच्या तसे राहिले, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. ती एका अक्षराची थट्टा. अक्षराला त्याचे काय दुःख! ‘डन्स’ हे मात्र हाडामांसाच्या एका माणसाचे नाव आहे.

जॉन डन्स स्कोटस हा तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन पंथाचा साधू व तत्त्वज्ञ. स्कॉटलंडमधील डन्स हे त्याचे गाव. ऑक्सफर्ड व पॅरिस येथे त्याने अध्यापन केले आणि १३०८ साली कोलोन येथे देह ठेवला. त्याची बुद्धी इतकी कुशाग्र, की लोक त्याला ‘सूक्ष्मबुद्धीचा आचार्य’ म्हणत.

मग अशा पंडिताचे नाव मठ्ठपणाला कसे चिकटले? सोळाव्या शतकात ग्रीक व लॅटिन वाङ्मयाच्या नव्या अभ्यासाची लाट आली. स्कोटसचे अनुयायी मात्र जुन्याच पद्धतीने शब्दांचा कीस काढीत बसले. नव्या मताचे लोक त्यांना चेष्टेने ‘डन्स’ म्हणू लागले. हटवादी शिष्य, आणि शिवी मात्र दोनशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या गुरूच्या नावाची! १५३५ साली राजा आठव्या हेन्रीचे अधिकारी ऑक्सफर्डला गेले. न्यू कॉलेजच्या चौकात स्कोटसच्या ग्रंथांची पाने विखुरली असून वारा ती कानाकोपऱ्यांत उडवीत आहे, असे त्यांतील एकाने पत्रात लिहिले आहे. ते वाचून मन खिन्न होते. मतभेद असावेत, पण त्या ग्रंथांनी कोणाचे काय घोडे मारले होते?

पुढे ‘कीस काढणारा’ हा अर्थ मागे पडला व ‘मठ्ठ’ एवढाच उरला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या शाळांतून, धडा न येणाऱ्या मुलाच्या डोक्यावर कागदाची उंच, निमुळती टोपी चढवून त्याला कोपऱ्यात उभे करीत. हीच ‘डन्सची टोपी’. आपल्या माथी एका महापंडिताचे नाव मारले आहे, हे त्या रडवेल्या मुलांना कोठून ठाऊक असणार? मास्तरांना तरी ठाऊक होते की नाही, कोण जाणे!

१९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्कोटसला संतपदाच्या अलीकडच्या पायरीचा मान दिला. शब्दकोशात मात्र ‘डन्स’चा अर्थ अजून तोच आहे.