भाऊंचा धक्का

शेठ मोतीशा यांच्यासारखे जैन व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून आपल्या जहाजांतून चीनशी व्यापार करीत. मराठवाड्यातील पेढीचा समुद्राशी संबंध मात्र मालापुरताच राहिला. १९११मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि येथील माल कुर्डुवाडीमार्गे मुंबईकडे जाऊ लागला. माल बंदर पाहून आला. तो पाठविणारा गादीवरच राहिला. आज नांदेड-लातूरची कुटुंबे सुटीत मुंबईस जातात, समुद्रही पाहतात. परंतु डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या भाऊंच्या धक्क्यावर फार थोडी पोहोचतात.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. उतारूंना बोटीत चढण्या-उतरण्याची नीट सोय व्हावी म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन १८४१मध्ये धक्का उभारला. सरकारी गोद्या पुष्कळ नंतर आल्या. प्रिन्सेस डॉक १८८०मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८मध्ये. त्यांना राजघराण्याची नावे मिळाली. भाऊंचा मूळ धक्का आजच्या जागी नव्हता; तरीही माझगावच्या फेरी धक्क्याला लोक भाऊंच्याच नावाने ओळखतात.

येथून रेवस आणि उरणजवळील मोरा येथे लाँच जातात. मासळीचा मोठा बाजारही याच आवारात भरतो. मार्च २०२०पासून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मोटारीसह माणसे तासाभरात पलीकडे पोहोचतात. अलिबागचा शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता त्यामुळे वाचतो.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. वाटेत वादळी लाटांनी तिला गाठले, भयभीत प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती बातमी मुंबईत पोहोचण्यासही कित्येक तास लागले.

मध्यंतरी दिवाळीच्या सुटीत लातूरच्या गंजगोलाईतील एक वयोवृद्ध व्यापारी मुले, सुना, नातवंडांसह या धक्क्यावर आले. लाँच भरलेली होती. थोरला मुलगा म्हणाला, “बाबूजी, दाटीवाटीने बसू. ही सुटली तर तासभर खोळंबा होईल.” बाबूजींनी सामान खाली ठेवायला लावले. “काट्यावर पाच किलो जास्त पडले, तर हिशेबात दुरुस्त करता येते. इथे दुरुस्ती नाही,” एवढेच ते बोलले. नातवंडे हिरमुसली. ती लाँच पलीकडे सुखरूप पोहोचली, हेही नंतर मुलाने ऐकवले. “बरेच झाले,” बाबूजी म्हणाले आणि पुढच्या लाँचची तिकिटे त्यांनी स्वतः मोजून घेतली.

त्या दिवशी काही घडले नाही, म्हणून बाबूजींचा निर्णय चुकला असे ठरत नाही. क्षमतेहून अधिक भरलेली बोट बहुतेक वेळा पोहोचतेच. तेवढ्यावरूनच माणसे निर्धास्त होतात. मापात काटेकोर असणे हा व्यापाऱ्याचा रोजचा धर्म आहे. तो दुकानाच्या उंबरठ्यापाशी संपू नये. बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचावी, लहानग्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे ना हे आधी पाहावे, हवा बिघडली असेल तर बेत रहित करावा. घरातील वडीलधाऱ्यांनी हे बोलण्यास संकोच करू नये. भाऊंनी धक्का बांधला तो उतारू सुखाने चढावा-उतरावा म्हणून. त्यावर घटकाभर थांबण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.