नथीखालची सावली

गेल्या आषाढात माझ्या फोटोदुरुस्तीच्या टेबलावरचा जुना मॅक एका रात्रीत निकामी झाला, आणि ज्यावर आपली पूर्ण मालकी आहे असे मी इतकी वर्षे निःशंकपणे मानत आलो होतो, ते फोटोशॉपही त्याच्याबरोबर माझ्या कब्जातून गेले. ती 2012 ची सीएस6 आवृत्ती होती. एकदाच पूर्ण किंमत मोजून कायमची घेता येणाऱ्या आवृत्त्यांतली ती शेवटची. कारण पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने यापुढील सुधारणा केवळ वर्गणीदारांस मिळतील असे जाहीर केले. नव्या मॅकवर ती चढत नाही. 2019 च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून तेथे 32 बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि सीएस6 चा इन्स्टॉलर त्याच जातीचा आहे.

वर्गणी म्हणजे मला खंडच वाटे, आणि आमच्या घरात ‘खंड’ हा शब्द कधीच चांगल्या अर्थाने उच्चारला गेला नाही. सातारा जिल्ह्यात आजोबांनी उभे आयुष्य दुसऱ्याची जमीन खंडाने कसली, आणि कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळे मालक मानली गेली तेव्हा सातबाऱ्याचा कागद त्यांनी देवघरात ठेवला, असे वडील सांगत. त्यामुळे दर महिन्याला पैसे भरावेत, आणि भरणे थांबले की हत्यार हातातून जावे, ही व्यवस्था मला केवळ महागच नव्हे, तर अपमानकारक वाटत आली. सीएस6 चा खोका मी दुकानातल्या काचेच्या कपाटात गिऱ्हाइकांना दिसेल असा ठेवला होता, आणि भाड्याच्या हत्याराने काम करतो तो कारागीर नव्हे, असे व्यवसायबंधूंना तोंडावर ऐकवण्यात मला भूषण वाटत असे. यंत्र गेल्यावर त्या खोक्यातला करारनामा मी प्रथमच नीट वाचला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, प्रोग्राम विकलेला नसून त्याच्या वापराचा परवाना दिलेला आहे. मी देवघरात ठेवावा असा सातबारा माझ्याजवळ कधी नव्हताच.

हे सारे मी कदाचित पचवलेही असते. पण त्याच सुमारास एका कुटुंबाने दहा वर्षांपूर्वी मी दुरुस्त केलेला फोटो परत आणला. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक तरुण स्त्री. कागद ब्रोमाइडचा, डोळ्यांवरून आडवी घडी गेलेली, आणि नाकाच्या डाव्या बाजूला, नेमका नथीखाली, बुरशीचा डाग. पिवळा डाग लाल चॅनेलमध्ये विरून जातो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु जेथे बुरशीने चांदी धरून ठेवणारा थरच खाल्लेला असतो, तेथे कोणत्याही चॅनेलमध्ये काही उरत नाही, आणि डाग कोठे संपतो व सावली कोठे सुरू होते याचा निवाडा हातालाच करावा लागतो. उजेड कोणत्या अंगाने आला हे डोळ्याच्या बाहुलीतल्या चमकेवरून कळते, पण ती घडीत गेली होती. मोत्यांची सावली ओठावर पडली असेल की गालावर, या एका प्रश्नापायी मी चार रात्री घालवल्या. शेवटी ती गालावर लांबवली. चेहऱ्याला उठाव आला, सर्वांनी वाखाणणी केली, आणि मीही तेवढ्यावर संतुष्ट झालो.

आता त्या कुटुंबाच्या इचलकरंजीच्या आत्याबाईंच्या ट्रंकेत त्याच फोटोची दुसरी प्रत निघाली होती. सावली आखूड आहे, वरच्या ओठाला चिकटून बसलेली. गाल स्वच्छ, भरलेला. त्या स्त्रीचा पणतू म्हणाला, “काका, पणजी अशक्त होती असंच आम्ही समजत होतो.” दहा वर्षे ते घर माझ्या ब्रशाने खंगवलेल्या बाईला हार घालत होते.

दुरुस्ती करायची तर मूळ फाइलमधले थर उघडावयास हवेत. दुसऱ्या प्रोग्रामांत फोटोशॉपच्या फाइली उघडतात, परंतु सगळे थर जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि या फाइलीत चाळीसच्या वर थर होते. म्हणून माझी स्वतःची चूक, माझ्याच हातची, खोडता यावी यासाठी मी वर्गणी भरली.

माझ्याकडे शिकणारी मुलगी शेजारी बसली होती. नव्या आवृत्तीतला हीलिंग ब्रश ओढता ओढताच परिणाम दाखवतो. माझ्या हाताला ओढून, थांबून, मग पाहण्याची सवय, त्यामुळे दोनदा रेघ वाहवत गेली. तिने एकेक थर बंद करीत नेला, आणि सावलीपाशी येऊन हळूच विचारले, “काका, हा थर तुमचाच ना?” मी होय म्हणालो. दुसरी प्रत नसती तर तेथे काय केले असतेस, असे विचारता ती म्हणाली की, जागा फिकटच ठेवली असती. मला हे दहा वर्षांपूर्वी सुचले नाही, कारण रिकामी जागा दिसली तर हात थकला असे लोक म्हणतील, हे भय मला होते. कारागिरी हत्याराच्या मालकीत नसते, आणि भाड्याचे हत्यार वापरणाऱ्यांविषयी मी जे बोलत आलो ते चुकीचे होते, हे मला तिच्यासमोर कबूल करावे लागले.

तरीही वर्गणीविषयीचे माझे मत बदललेले नाही. चुकीचे मोल एकदाच द्यावे. त्या चुकीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर दरमहा जकात असू नये. आणि एका क्लिकसरशी फाटक्या चेहऱ्यांना नवे डोळे बसवून देणाऱ्या हल्लीच्या साधनांविषयी माझे मत याहून कठोर आहे: तेथे तर माझ्यासारखी चूक होते आणि ती काढायला बहुधा स्वतंत्र थरही मागे राहत नाही.

जुने फोटो दुरुस्तीस देणाऱ्यांना माझी विनंती आहे की, काम झाल्यावर दुरुस्त फोटोची टिफ फाइल आणि दुरुस्तीआधीच्या स्कॅनची टिफ फाइल, अशा दोन्ही मागून घ्या. टिफ फाइल फोटोंच्या बहुतेक प्रोग्रामांत, वर्गणीशिवाय उघडते. आणि मूळ कागद, कितीही जीर्ण असला तरी, टाकून देऊ नका.